हमाली

मामांचे पस्तीस शेक. आज अकरावा झाला.
जालन्याहून रोजचं जाणंयेणं झेपेना,
म्हणून बेगमपुऱ्यातल्या माझ्या खोलीत
त्यांची वळकटी, पितळी तांब्या
आणि खिळ्याला टांगलेला पोती ओढायचा आकडा.
तो कशाला आणला, मी विचारलं नाही.

तोंड दोन बोटंच उघडतं.
वरणात कुस्करलेली भाकर घोटाघोटानं उतरवत
ते विचारतात,
“तू दिवसभर तिथं करतीस तरी काय गं माय?”

मी केंद्रकाच्या दारात बसते, मामा.
ह्या शहराला म्हणे बावन्न दरवाजे.
पेशीच्या आतल्या त्या कोठाराला हजारांनी.
आत लहान लहान हमाल घडतात,
ट्रान्सफर आरएनए म्हणतात त्यांना.
दोन्ही टोकं छाटायची,
शेपटाला तीन अक्षरं जोडायची, ओझं तिथं बसतं,
मग दारावरचा एक जण कवेत घेऊन चाचपतो
घडी नीट पडली का.
पडली, तर बाहेर.
पुस्तकातल्या चित्रात तो तीन पानांचा, बेलासारखा.
खरा मात्र कमरेत वाकलेला असतो.

मामा एका गालानं हसले.
“मंग हमालच हाय की.”

बाहेर चिठ्ठी लागलेली असते.
तीन अक्षरं जुळली की तो पाठीवरचा एक दाणा टाकतो,
रिकामा होतो, भरून पुन्हा येतो.
एकच दाणा. एका खेपेला एकच.
त्या दाण्यांची माळ म्हणजे आपली नखं, रक्त,
आत्ता तुम्हाला गिळता येत नाही ती लाळ.

तुमच्या गालातल्या पेशीला घाई झालीय, मामा.
दिवाळीच्या तोंडावर मोंढ्यात सोयाबीन यावं तशी.
तिनं दारावरची माणसं वाढवली, रात्रपाळी लावली,
हमाल बाहेर, अजून बाहेर,
थप्पीवर थप्पी,
आणि माल कुणीच न मागवलेला.

“मंग दारं लावून घ्यावीत.”

लावून बघितली.
काचेच्या ताटलीत दारावरच्याला हटवलं.
चौथ्या दिवशी गाठीच्या पेशी मंदावल्या,
मी वहीत लाल शाईनं तारीख लिहिली,
कॅन्टीनमध्ये एकटीनं दोन चहा प्यायले.
शेजारच्या ताटलीत चांगल्या पेशी होत्या.
सहाव्या दिवशी त्याही.

मामा तांब्या फिरवत बसले.
खाली कुणीतरी स्कूटर चालू करत होतं, होत नव्हती.
“सत्त्याऐंशीला आम्ही मोंढा बंद केला व्हता.
सव्वीस दिवस.
पोत्यामागं चार आणे वाढवा म्हणून.
शेठला काय झालं? त्याच्यापाशी गोदाम व्हतं.
पहिली चूल कुणाची इझली, सांग बरं.”
मी सांगितलं नाही. त्यांनाही ऐकायचं नव्हतं.

बऱ्याच वेळानं, दिवा घालवल्यावर:
“तंबाखूच्या गोण्याबी आमीच उतरवल्या, लई.
पाठीला वास येत नसतोय.”

झोप लागली नाही.
सगळी दारं नकोत, एवढंच कळतंय.
ती पेशी कोणत्या हमालाला जास्त हाका मारते,
कोणतं अक्षर, कितव्या खेपेला,
ते मोजायचं. गाईड सर म्हणतात, दोन वर्षं.
मामांचे उरलेत चोवीस दिवस.

सकाळी मकाई दरवाजातून आमखासकडे.
कमानीखाली ऊसाची ट्रॉली अडकलेली,
मागं रिक्षा, दुधाच्या कॅनची मोटारसायकल,
सगळे एकमेकांवर ओरडणारे.
मामा थांबून बघत राहिले, जाणकारासारखे.

दवाखान्यात शेकाच्या रांगेत
सेलूकडच्या एका बाईची पिशवी जड होती.
आत काय आहे, त्यांनी विचारलं नाही.
खांद्यावर घेतली.
सिस्टर खेकसली, “आजोबा, ओझं उचलायचं नाही म्हणून सांगितलंय ना!”
“हाव,” ते म्हणाले,
आणि बाकापर्यंत नेऊनच खाली ठेवली.